नळ असलेली बोट

सोलापूरहून समुद्र किती लांब आहे, हे आमच्या दाजींनी तेहतीस वर्षं मुलांना शिकवलं. भारताचा किनारा ते फळ्यावर एका दमात काढायचे, कच्छपासून सुंदरबनापर्यंत, खडू न उचलता. बंदरं पाठ, भरती-ओहोटी पाठ. खारे वारे आणि मतलई वारे तर असे रंगवून सांगायचे, की खिडकीतून येणाऱ्या फुफाट्यालासुद्धा मुलांना मिठाचा वास यावा. आणि स्वतः समुद्रात किती गेले? शाळेची सहल एकदा रत्नागिरीला गेली होती. दाजी गुडघाभर पाण्यात उभे राहिले, एक चप्पल वाहून गेली, आणि उरलेली हातात घेऊन ते परत आले.

दाजी म्हणजे कमलाकर. माझी थोरली बहीण विजयमाला, तिचे यजमान. मी सुबोध. बत्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नात कानपिळीचा मान माझा होता. मी तेव्हा अकरा वर्षांचा. हातात जोर कमी, त्यामुळे नवरदेवाचा कान नीट पिळला गेला नाही असं मांडवात सगळे म्हणाले. राहिलेला पीळ मी पुढं वर्षानुवर्षं देत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी दाजी निवृत्त झाले. निवृत्त मास्तर एकतर हास्यक्लबात जातो, नाहीतर कॉलनीत भांडणं लावतो. दाजींनी बोट आणली.

आणली म्हणजे ती त्यांच्या गळ्यात पडली. आशिष नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी. त्यानं करमाळ्याकडे उजनी धरणाच्या फुगवट्यावर बोटिंग सुरू केलं होतं. ते काही चाललं नाही आणि त्यानं केळी लावली. निरोप समारंभात तो उठला आणि म्हणाला, "सरांनी मला बाकावर बसवून समुद्र दाखवला. मी सरांना बोट देतो." टाळ्या पडल्या, दाजींचे डोळे भरून आले. ती बोट केळीच्या वाटेत आडवी येत होती, एवढं मात्र आशिषनं भाषणात सांगितलं नाही.

चौदा फुटी, पांढरी, फायबरची बोट. मागं टांगायचं इंजिन वेगळं, पोत्यात बांधलेलं. उसाच्या ट्रॉलीत पाचटावर झोपून ती जुळे सोलापुरात दाजींच्या दारात आली, तेव्हा सगळी गल्ली बाहेर. ज्या गावात नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, त्या गावात बोट! समोरच्या श्रीदेवीवहिनी कमरेवर घागर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "सर, तुम्हाला कुणी काही कळवलंय का? पूर येणाराय का?"

दाजींनी लक्ष दिलं नाही. त्यांनी रंगाचा डबा आणला आणि बोटीच्या मागच्या बाजूला वळणदार अक्षरात नाव काढलं: विजयमाला. गल्लीतल्या बायकांना फार कौतुक वाटलं. मला हसू आलं. बत्तीस वर्षांत त्यांनी ताईला नावानं हाक मारलेली मी एकदाही ऐकली नव्हती. 'अगं' एवढ्या दोन अक्षरांवर सगळा संसार झाला.

आता ताईबद्दल सांगतो, कारण तिच्याबद्दल कुणी फळ्यावर काही लिहीत नाही. त्या घराचा नळ फाटकाशी, खड्ड्यात आहे. पाण्याला जोर नसतो, म्हणून नळ जितका खाली तितकं पाणी जास्त. खड्ड्यात उतरायचं, बादली भरायची, वर काढायची आणि घरात नेऊन पिंपात ओतायची. पाणी दोन तास येतं. पूर्वी अंगणातल्या हौदात पाईप सोडता यायचा, मग बादल्या फक्त हौदापासून घरात न्याव्या लागायच्या. दोन वर्षांपूर्वी हौदाला तडा गेला. "करून घेऊ की," असं दाजी म्हणाले, आणि मग बोट आली. डॉक्टरांनी ताईला कमरेला पट्टा दिलाय आणि वजन उचलू नका म्हणून बजावलंय. वजनाला मात्र कुणी बजावलेलं नाही. पाण्याच्या वेळेला दाजी पूर्वी शाळेत असायचे. निवृत्तीनंतर ते बोटीपाशी असायचे, आणि बोटीपाशी असताना त्यांना हाक ऐकू यायची नाही.

पहिला महिनाभर बोट चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर होती, दोन पुढं, दोन मागं. एके दिवशी दाजींना दिसलं की ठोकळा टेकतो तिथं तिचं पोट आत गेलंय. दाजींचा चेहरा असा पडला, की घरात कुणी आजारी आहे असं वाटावं. त्यांनी आशिषला फोन लावला.

"सर, पाण्यात तिला सगळीकडून आधार असतो," आशिष म्हणाला. "जमिनीवर तो आपण द्यायचा असतो. बोट नुसती ठेवायची नसते, बसवायची असते. तिच्या अंगाचा ट्रेलर करून घ्या. मग जीपला जोडा आणि आणा उजनीवर. पाणी उतरायच्या आत मात्र यायला पाहिजे हां."

झालं. दाजींनी दोनशे पानी वही केली. दिवसभर मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशांतले गोरे लोक ट्रेलर कसा बांधतात ते बघायचे आणि वहीत आकृत्या काढायचे. प्रजासत्ताक दिनी, झेंडावंदन झाल्यावर, बोट पाण्यात घालायची असं ठरलं. मुख्याध्यापकांना बोलावणं गेलं, जुन्या विद्यार्थ्यांना गेलं. गुडघे आताच कुरकुर करतायत, आणखी एका वर्षानं बोटीत पाय टाकता येईल का सांगता येत नाही, असं ते मला एकदा हळूच म्हणाले. तेव्हा मला कळलं की हे वेड नुसतं वेड नाही. ह्या माणसाला आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या फळ्याच्या आत शिरायचं होतं. जीप माझी होती. होटगीच्या शेतावर खत न्यायला घेतलेली. मी हो म्हणालो.

ट्रेलर करायला धुळाप्पा मिळाला. मूळचा अक्कलकोटकडचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याची शेड आहे. तीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर करतो. दाजींनी त्याच्यापुढं वही उघडली आणि पाऊण तास व्याख्यान दिलं. धुळाप्पानं पानं उलटली नाहीत. तो उठला, गोणपाट अंथरलं आणि सरळ बोटीखाली उताणा शिरला.

"वजन कुटं बसतंय ते बघूया आदी," खालून आवाज आला.

मग टक, टक, टक. बोटाच्या पेरानं तो बोटीचं पोट वाजवत होता, बाजारात कलिंगड वाजवतात तसं. जिथं आवाज पोकळ यायचा तिथं काही नाही, जिथं भरीव यायचा तिथं खडूची खूण. तासाभरानं बोटीच्या पोटावर खालून तिचा सगळा सांगाडा उमटला. मधोमध एक लांब कणा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समांतर दोन कडक पट्ट्या. दाजी वाकून बघतच राहिले. तेहतीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला नकाशा कळतो.

"मदी ह्या कण्याखाली रूळ टाकायचे," धुळाप्पा म्हणाला. "ह्या दोन पट्ट्यांखाली दोन लांब फळ्या, पार मागच्या टोकापातुर. मागं इंजन टांगणार तुमी. तितं फळी आखूड पडली की मागची बाजू खाली वाकणार. हे इंग्लिश वहीत हाय का न्हाय?"

"आहे, आहे," दाजी म्हणाले. वहीत ते सातव्या पानावर होतं, पण सात पानं कुणी ऐकून घेतली नव्हती.

रूळ मिळाले भंगारात. बंद पडलेल्या रंगाईच्या कारखान्यातले, ओल्या कापडातलं पाणी पिळून काढणारे रबरी रूळ. फळ्यांवर साखर कारखान्यातला जुना रबरी पट्टा ठोकायचा, असं धुळाप्पाचं म्हणणं. दाजींना ते रुचलं नाही. वहीतल्या गोऱ्या लोकांनी फळ्यांना मऊ गालिचा लावला होता. गालिचा नाही तर चादर! निरोप समारंभात मिळालेल्या आठ सोलापुरी चादरी घरात पडून होत्या. दाजींनी त्यातल्या दोन निवडल्या, लाल, मोराच्या, आणि फळ्यांना गुंडाळून खिळे मारले.

"येन्री सर, काय हो, लगीन हाय का हिचं?" धुळाप्पानं अर्ध्या कानडीत विचारलं.

बोट चढवली. दाजींनी हौसेनं तिला दोन बादल्या ओतून धुतलं. त्या बादल्या कुणी भरल्या होत्या ते विचारू नका. आठवड्यानं खाली बघतात तर चादरीचा रंग सुटलेला आणि पांढऱ्या पोटावर दोन्ही बाजूंनी लाल मोर उमटलेले, चोच, पिसारा, सगळं. पांढरी शुभ्र बोट आमची, आणि खालून बघितली तर चादरींचं दुकान. ताई दारातून म्हणाली, "माझं नाव मागं, चादर खाली. आता रुखवतातच मांडा." चादरी निघाल्या, रबरी पट्टा आला. मोर मात्र गेले नाहीत. ते आजही आहेत.

मग वजनाची परीक्षा. ट्रेलरचं पुढचं टोक, जे जीपला अडकतं, ते दाजींनी हातानं उचलून बघायचं होतं. दाजींनी एका हातानं उचललं आणि म्हणाले, "वा! काय हलकं झालंय!"

"हलकं न्हाय, खोटं हाय," धुळाप्पा म्हणाला. "मागं इंजन लागलं की हे टोक वर जाणार आणि जीपचं ढुंगण उचलणार. दम लावून उचललं तर उचलावं, असं पायजे. थोडं वजन म्होरं, जास्त चाकावर."

त्यानं चाकांचा आस सहा बोटं मागं सरकवला. आता दाजींना दोन्ही हात लावावे लागले आणि चेहरा लाल झाला. धुळाप्पा खूष. होटगी रस्त्यावर मी ट्रेलर जीपला जोडून फिरवून आणला. शेपूट हललं नाही, काही नाही. रस्त्यावरचे लोक थांबून नमस्कार करत होते. वर गणपती असावा असं त्यांना वाटलं असेल.

दोन गोष्टींवरून मात्र दाजी आणि धुळाप्पा यांची वाजली. एक म्हणजे त्यानं ट्रेलरला टँकरचा आस आणि टँकरचे जाड स्प्रिंग-पाटे घातले होते.

"अहो, इंजिनसकट बोटीचं वजन तीनशे किलो. एवढे पाटे कशाला?"

"असूं द्या. दारात उभी ऱ्हाणार हाय न्हवं?"

दुसरी गोष्ट याहून भयंकर. बोटीच्या मागच्या बाजूला, तळाशी, आत साचलेलं पाणी काढायला एक भोक असतं आणि त्याला बूच असतं. धुळाप्पानं बूच फेकून तिथं पितळी नळ बसवला होता. चांगला टँकरचा, पितळी दांडीचा.

"जगात कुठल्या बोटीला नळ असतो हो?" दाजी ओरडले.

"भोक हाय म्हंजे नळ पायजे की," धुळाप्पा शांतपणे म्हणाला.

पंचवीस जानेवारी आली. त्या खेपेला पाचव्या दिवशी पाणी आलं नव्हतं. कुठंतरी मोठा पाईप फुटला होता म्हणे. सहावा गेला, सातवा गेला. पिंपांचे तळ दिसले. श्रीदेवीवहिनी भांडी राखेनं घासायला लागल्या. आठव्या दिवशी, म्हणजे पंचवीसला, दुपारी तीनला मी जीप घेऊन होटगीहून आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं म्हणून. गल्लीत शिरलो तर गटारं कोरडी आणि बायकांचा आरडाओरडा. पाणी आलं होतं. आणि आलं होतं ते असं, की वर्षातून एकदा येतं. खड्ड्यातल्या नळाला पाईप लावला तर पुरुषभर उंच उडत होतं.

ताई स्टुलावर उभी होती. घरातलं सगळं भरून झालं होतं. पिंपं, घागरी, पातेली, कुकर, पुरणाचं यंत्र सोडून सगळं. पाणी अजून जोरात होतं. सोलापुरात चालू नळ बघत बसणं म्हणजे ताटातलं अन्न टाकण्यापेक्षा मोठं पाप. आणि समोर दारात चौदा फूट लांबीचं, धुतलेलं, रिकामं भांडं उभं. तिनं पाईप बोटीत सोडला होता. दुसऱ्या बाजूनं श्रीदेवीवहिनींचाही पाईप आला होता.

"सुबोध, जोर बघ की!" ती म्हणाली. तिचा चेहरा इतका फुललेला मी लग्नातसुद्धा बघितला नव्हता. मी पाईप धरला.

दाजी शाळेतून कापडी फलक घेऊन आले. फलकावर लिहिलं होतं, 'जलावतरण सोहळा'. बोटीत फूटभर पाणी हेलकावत होतं.

"अगं! बोटीत पाणी!"

"मग? बोटीला पाणीच लागतं की."

"बोट पाण्यात असते! पाणी बोटीत नसतं!" दाजींचा आवाज चिरकला. फलक टाकून ते ट्रेलरखाली शिरले. फळ्या वाकल्या असतील, कणा दुभंगला असेल, अशी त्यांची खात्रीच होती. मग ते बाहेर आले आणि धुळाप्पाला फोन केला. तो अर्ध्या तासात आला, खाली वाकून बघितलं आणि हसला.

"दीड टन तरी हाय आत. काय बी झालं न्हाय. मी टाक्या करतो सर, तीस वर्सं. आपल्या गावात बिनझाकणाचं भांडं दारात उभं केलं की बाया ते भरणारच. मी त्याच हिशेबानं पाटे घातले. तुमी म्हणाला तीनशे किलो. मी म्हणलं, बगू की." मग तो गंभीर झाला. "पन ही अशी हलवायची न्हाय हां. उभी हाय तवर ठीक. रस्त्याला लागली की पाणी म्होरं-मागं पळणार, जीप उलटंल. आदी रिकामी करायची."

रिकामी करायची म्हणजे नळ सोडायचा. धुळाप्पाचाच पितळी नळ. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. ताईनं ते ऐकलं आणि ती आत गेली.

सकाळी जवळच्या शाळेतून झेंडावंदनाचा बँड ऐकू येत होता. दारात आपल्या शाळेचं झेंडावंदन उरकून आलेले अकरा माजी विद्यार्थी, मुख्याध्यापक आणि एक मिनीबस. उजनीवर आशिष थांबलेला, फोनवर फोन. दाजी पांढऱ्या पँटमध्ये, डोक्यावर गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली कप्तानाची टोपी. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि दाजींचा हात नळावर होता.

ताई पायरीवर उभी होती. ती भांडली असती तर दाजींनी नळ केव्हाच सोडला असता, हे मी शपथेवर सांगतो. भांडणाला उत्तर असतं. ती भांडली नाही.

"सर, उशीर होतोय," कुणीतरी म्हणालं. दाजींनी दांडी फिरवली.

धार पडली. स्वच्छ, जाड धार, रस्त्याच्या धुळीत. धुळीनं ती लगेच पिऊन टाकली, मग ती गटाराकडे निघाली. तीन-चार सेकंद गेले असतील. ताई पायरीवरून उतरली, पिंपाशेजारची बादली उचलली आणि वाकून धारेखाली सरकवली. ती काही ठरवून आली नव्हती. पाणी वाहताना दिसलं की तिचे पाय आपोआप चालतात. ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली. एक हात बादलीच्या कडीवर, एक हात कमरेवर. तिला सरळ होता येईना. ओरडलीसुद्धा नाही. बादली भरून वाहायला लागली, तर त्या अवस्थेत ती म्हणाली, "अहो, नळ बंद करा, सांडतंय."

दाजींनी नळ बंद केला. मी आणि श्रीदेवीवहिनींनी ताईला धरून पायरीवर बसवलं. माझ्या तोंडात बत्तीस वर्षांचं साठलेलं होतं, ते सगळं मी त्या क्षणी अकरा माजी विद्यार्थ्यांसमोर बोलणार होतो. पण दाजींनी बादली उचलली. दोन्ही हातांनी, चेहरा लाल करून, ट्रेलरचं टोक उचललं होतं तशी. फाटकातून आत गेले, अंगणात थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि मागं वळून विचारलं,

"कुठं ओतू?"

बत्तीस वर्षं त्या घरात राहणाऱ्या माणसानं हे विचारलं. आणखी काय बोलायचं राहिलं होतं? ताईनं बसल्या जागेवरून सांगितलं, "मागच्या दारी निळं पिंप आहे. काल रात्रीच्या भांड्यांनी अर्धं झालंय. आधी ते."

दाजी गेले, ओतून आले, परत भरली, परत गेले. विद्यार्थी पुढं झाले. त्यांना ते म्हणाले, "तुम्ही वहिनींच्या घरी न्या. हिच्या बादल्या मी नेतो." मुख्याध्यापकांनी कोट काढून एक घागर घेतली आणि ती अर्धी स्वतःवर सांडली. आशिषचा फोन वाजत होता, कुणी उचलला नाही. बाराव्या खेपेला दाजी अंगणात मटकन बसले. टोपी कधीच पडली होती. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून खडू काढला, मास्तरच्या खिशात तो निवृत्तीनंतरही असतोच, आणि ट्रेलरच्या लोखंडी दांडीवर गणित मांडलं. एका वेळचं पाणी, वर्षातल्या पाळ्या, गुणिले बत्तीस. उत्तर आलं तसं ते पुसून पुन्हा मांडलं. पुन्हा तेच आलं.

"अगं," ते म्हणाले, "तू उचललेल्या पाण्यात ही बोट तरंगली असती."

ताई म्हणाली, "आता ते कुठं मोजत बसलाय? चहा घ्या, मुलं ताटकळलीत."

जलावतरण झालं नाही. फलक श्रीदेवीवहिनींनी पापड वाळवायला नेला. पुढचे पाच दिवस गल्लीतल्या बायका घागरी घेऊन बोटीच्या मागच्या नळाशी रांगेत उभ्या होत्या, आणि एक थेंब वाया गेला नाही. एमआयडीसीतून जाता-येता धुळाप्पा मुद्दाम गल्लीतून वळून जायचा. सहाव्या दिवशी दाजींनी गवंडी आणला आणि हौद करून घेतला. वही मिटली होती. विचारलं तर म्हणायचे, "आधी हौद."

बोट पाण्यात पडली ती फेब्रुवारीत, आदल्या दिवशी हौद भरून घेतल्यावर. सोहळा नाही, पाहुणे नाहीत. दाजी, ताई आणि मी. धुळाप्पानं बोटीत एक बाक ठोकून दिलं होतं, पाठीला उंच फळी, तिला उरलेल्या सहा चादरींपैकी एक. रंग जातो हे माहीत असूनसुद्धा. "हितं वजन पाठीवर यायला न्हाय पायजे," एवढंच तो म्हणाला. ट्रेलर मागं मागं पाण्यात ढकलला, रूळ फिरले, आणि लाल मोरांसकट बोट आपसूक उचलली गेली. उजनीच्या त्या पाण्यात आशिषनं इंजिन सुरू करून दिलं आणि तो काठावर थांबला. दाजींनी इंजिनाची दांडी धरली.

मध्यावर आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. चारी बाजूंनी पाणी. दूर केळीच्या बागा, वर पांढरे पक्षी. मी दाजींकडे बघत होतो, मला वाटलं आता खारे वारे सुरू होणार. वारे काही सुरू झाले नाहीत. ताई एकटक पाण्याकडे बघत होती. सोलापूरला येतं ते पाणी इथलंच, हे दाजींनी फळ्यावर हजारदा काढलं असेल. तिनं ते पहिल्यांदा बघितलं. मग ती वाकली आणि बाकाखालून दोन रिकामे कॅन काढले. घरून आणले होते, पदराखाली झाकून. झाकण फिरवलं आणि पहिला कॅन ती बाजूनं पाण्यात बुडवायला निघाली.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दाजी उठले. बोट हलली. त्यांनी तिच्या हातातून कॅन काढून घेतला.

"विजयमाला," ते म्हणाले, "तू बस. मी भरतो."

मी त्या दिवशी त्यांचा कान सोडला. दाजी गुडघ्यावर बसून कॅन भरत होते, बुडबुडे निघत होते. ताई मागं टेकली. हात रिकामे झाले होते, ते कुठं ठेवायचे हे तिला कळेना. एकदा पदराला गेले, एकदा कमरेच्या पट्ट्याला. शेवटी तिनं ते मांडीवर ठेवले आणि तशीच बसून राहिली.